पडून पाहिलेलं घर

काशिनाथ भोईर फ्लॅट बघायला गेला की आधी चपला काढायचा, मग खिशातला रुमाल फरशीवर अंथरायचा, त्यावर डोकं टेकायचा आणि खिडकीच्या कडेला सरळ उताणा पडायचा. हात पोटावर, डोळे मिटलेले. दहा मिनिटं, कधी पंधरा. दहिवलीच्या एका नव्या इमारतीत फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती किंचाळून पाणी आणायला धावली. ती ते त्याच्या तोंडावर मारणार, इतक्यात काशिनाथने एक डोळा उघडला.

"बाई, पानी र्‍हाऊ द्या. मी घर ऐकतोय."

हा किस्सा मी कितीतरी वर्षं सांगत आलो. लग्नात सांगितला, बारशाला सांगितला, सोसायटीच्या सभेत कोरम भरेपर्यंत सांगितला. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं एक वाक्यही खोटं नाही. फक्त मी जिथे तो संपवायचो, तिथे तो संपत नाही. काशिनाथ गेला. माझंही वय झालं. म्हणून या वेळी पुढचंही सांगतो.

आम्ही दोघं भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो. मी स्टोअरमध्ये, तो मशीनवर. वयाने साधारण सारखेच, पण मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला, आडनावावरून, 'वैद्यसायेब' म्हणायचा. तीस वर्षांत आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. किमान मला तरी नाही. त्याला काय वाटायचं ते मी विचारलं नाही. त्याला बरंच काही मी विचारलं नाही.

मशीन ऐकणं ही त्याची विद्या होती. एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मोठमोठे इंजिनिअर मीटर घेऊन उभे असायचे आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "आठ दिवस चालंल. नवव्या दिवशी बोंबलंल." नवव्या दिवशी ते बोंबलायचं. तोच स्क्रूड्रायव्हर तो फ्लॅट बघायलाही न्यायचा. भिंतीला टोक, कानाला मूठ. "वर मिक्सर चालू हाय. खोबरं वाटतायत. बाई एकटीच हाय, कोन बोलत नाय तिच्याशी." फ्लॅट दाखवणारे घाबरून मालकाला फोन लावायचे.

लग्न त्याने केलं नव्हतं. खालापूरकडच्या एका खेड्यात धाकटा भाऊ शेती बघायचा आणि हा क्वार्टरमध्ये एकटा. निवृत्तीला चार वर्षं राहिली तेव्हापासून त्याची घरशोधणी सुरू झाली. दर रविवारी. सोबत मी. मला काय, चहा-भजी त्याच्याकडून, आणि वर आठवडाभर पुरेल इतकी करमणूक.

कर्जतकडे घर घ्यायला येणारा माणूस शांतता विकत घ्यायला येतो. डोंगर दिसला पाहिजे, पाखरं ऐकू आली पाहिजेत, शेजारी शक्यतो असूच नये. बिल्डरांनी हे पाठ केलेलं. त्यामुळे काशिनाथपुढे त्यांची पंचाईत व्हायची.

"काका, एकदम शांत लोकेशन. सकाळी फक्त पक्ष्यांचा आवाज."

"पक्षी क्वार्टरमधी जन्मभर ऐकलं. मानसं कुटं हायत?"

"माणसांचा त्रास अजिबात नाही काका, लिहून देतो."

"मग नको." आणि हा चपला घालायला लागायचा.

मी त्याला म्हटलं, "अरे, तुला आवाजच हवा तर हायवेवर घे ना." तर खालापूरच्या बाजूला हायवेलगतचाही एक फ्लॅट आम्ही पाहिला. म्हणजे त्याने पडून आणि मी उभ्याने. ट्रकमागून ट्रक, खिडकीची काच थरथरत होती. पाच मिनिटांत तो उठला. "ह्यो आवाज नव्हं. ह्यो निसता जातो. जरा थांबनारा पायजे." थांबणारा आवाज म्हणजे काय, हे मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला.

साठेक घरं त्याने अशी पडून पाहिली असतील. पाठीला कुठली फरशी गार आणि कुठली ओली, हे तो नुसत्या इमारतीच्या नावावरून सांगायचा. "पडून बघितल्याबिगर घर कळत नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कर्जतच्या निम्म्या इस्टेट एजंटांना ते पाठ झालं होतं. त्याला लांबून येताना पाहून ते एकमेकांना म्हणायचे, "सतरंजी घाला."

मग बाजारातलं ते घर आलं.

स्टेशनकडून बाजारात शिरणाऱ्या गल्लीत, दुकानांच्या वर, पहिला मजला. एक खोली आणि स्वयंपाकघर. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे व्हावं इतकं लहान. खाली एका बाजूला बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला सुकी मासळी, पायरीवर चावीवाला, समोर भाजीवाल्या ओळीने बसलेल्या आणि कोपऱ्यावर रिक्षा स्टँड. कोणाही शहाण्या माणसाने दारातून माघारी फिरावं असं. बिल्डरने आम्हाला दाखवलं तेही ओशाळून. "गोंगाट आहे थोडा. खिडकी बंद ठेवली की काही नाही."

काशिनाथने खिडकी सताड उघडली, रुमाल अंथरला आणि पडला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. खाली एक बाई मेथीच्या जुडीवरून दुसरीला म्हणत होती, "तुला परवडत नाय तर सासूला बोलव, ती नेईल!" त्यावर सगळी ओळ हसली. चावीवाला ठोकत होता. कुणी कुणाला तरी 'रं' करून शिवी दिली आणि मग दोघांनी मिळून चहा मागवला. काशिनाथचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, लागली झोप.

तो उठला, सदरा झटकला आणि म्हणाला, "ह्येच."

एवढ्यावर थांबला असता तर तो काशिनाथ कसला. मला जिन्याखाली घेऊन गेला. "सायेब, जरा धरा."

"काय धरू?"

"खाट. पुढून मी धरतो, मागून तुमी."

खाट नव्हती. आम्ही दोन साठीचे गृहस्थ, हवेतली खाट धरून भर बाजारात जिना चढायला लागलो. तो पाठमोरा, पावलानं पायरी चाचपत. "सावकाश. डावीकडं घ्या. वाकवू नका, सरळ धरा, पडंल!"

"कोण पडेल? हवा?" मी म्हटलं. बांगडीवाला दुकानातून बाहेर येऊन बघत होता. मी त्याला डोळा मारला.

काशिनाथ हसला नाही. वळणावर त्याने हात वर केले, मान तिरकी करून भिंतीचा अंदाज घेतला आणि खाट, म्हणजे हवा, कुठेही न टेकवता वर नेली. दारातून आत, खिडकीशी. तिथे तो वाकला आणि ती इतक्या हळू खाली ठेवली की मीही नकळत वाकलो.

"टेकली नाय कुटं," तो म्हणाला. कपाळाला घाम होता.

मुहूर्ताची गोष्ट निघाली तेव्हा गाडं अडलं. पितृपक्ष चालू होता. आमच्याकडे त्या पंधरवड्यात कोणी घराचं बोलत नाही, मग टोकन कसलं देतोय. बिल्डर म्हणाला, "काका, शब्द झाला. घटस्थापनेला या." मी परतताना काशिनाथला टोचलं. मी स्वतःला सुधारलेला समजायचो. पंचांगाची चेष्टा करण्यात माझा हात धरणारा सबंध केंद्रात कोणी नव्हता.

"अरे, मशीनचं बेअरिंग बदलताना बघतोस का पितृपक्ष?"

"माज्यासाटी असतं तर आत्ता दिलं असतं," तो म्हणाला. "दुसऱ्यासाटी हाय. त्याला काय व्हायला नको." मग थोडं चालल्यावर, "तुमी रोज बाजारात येता. जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्यासाठी म्हणजे कोणासाठी, एवढाच एक प्रश्न होता. माझ्या तोंडात भजं होतं.

मी तेव्हा वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन दहिवलीत भाड्याने राहत होतो. पुण्याचा मुलगा मागे लागला होता, कर्जतला काहीतरी घेऊन ठेवा, हप्ते मी भरतो. मी घरं बघायचो आणि मला एकही ठरवता यायचं नाही. हे बरं वाटे, तेही बरं वाटे. लक्ष ठेवायचं म्हणून चौथ्या दिवशी मी बिल्डरच्या ऑफिसात डोकावलो. पंधरवड्यामुळे तो माश्या मारत बसला होता. "या दिवसांत घेणाऱ्याला मी किंमत कमी करून देतो," तो म्हणाला. "पण हिंमत पाहिजे."

मी हिंमत दाखवली.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, मुलाची घाई होती म्हणून घेतलं, काशिनाथ एकटा जीव, त्याला दुसरं कुठलंही चालेल. खरं ते एवढंच: त्याला 'ह्येच' म्हणता आलं आणि मला कधी म्हणता आलं नव्हतं. चार वर्षं फरशीवर पाठ टाकून त्याने जे घर शोधलं, ते मी उभ्या उभ्या घेतलं.

घटस्थापनेच्या सकाळी तो नारळ आणि झेंडूची पुडी घेऊन बिल्डरकडे गेला. बिल्डर म्हणाला, तुमच्याच मित्रानं घेतला की, बोलले नाहीत? तिथून तो सरळ दहिवलीला माझ्या दारात. हातात तोच नारळ. मी सकाळपासून बोलायची वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही लागलं नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "घरातल्या घरात र्‍हायलं." नारळ त्याने माझ्या बायकोच्या हातात दिला. "वैनी, ह्यो परत न्यायचा नसतो." चहा प्यायला, बशी पुसून ठेवली, उठला. दारात थांबून म्हणाला, "खिडकीशी कपाट ठेवू नका, सायेब."

मी खिडकीशी कपाट ठेवलं नाही. मी तिला दोन काचांची सरकती खिडकी बसवली. आवाज येऊ नये म्हणून.

वास्तुशांतीला तो आला. फुटला तो त्याचाच नारळ. जेवणं झाल्यावर मी पाहुण्यांना किस्सा सांगितला, तो समोर बसलेला असताना, आणि मंडळी आग्रह करायला लागली, "पडून दाखवा ना, काशिनाथराव!" तो हसला. "आता ज्याचं घर त्यानं पडायचं," म्हणाला. हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

पुढे त्याने क्वार्टर सोडलं आणि गावी भावाकडे राहायला गेला. तिथून त्याचा नवा चाळा सुरू झाला. रोज संध्याकाळी सहा आसनी रिक्षाने कर्जतला यायचा, माझ्या खिडकीखालच्या रिक्षा स्टँडच्या बाकावर बसायचा, खिशातून साधा मोबाइल काढायचा, नंबर लावायचा आणि फोन कानाला लावायच्या ऐवजी हवेत धरायचा. बोलायचं काही नाही. कधी चावीवाल्याकडे, कधी भाजीवाल्यांकडे, कधी भांडण लागलं असेल तर उठून भांडणाच्या जवळ. तासभर. हात दुखला की हात बदलायचा. कोणी "काय काका, रेंज नाय का?" म्हटलं की मान हलवायचा.

बाजाराने त्याचं नाव टॉवर ठेवलं. बाजाराने म्हणजे मी. बंद काचेआड चहा पिताना मी बायकोला म्हटलं, "टॉवर आला बघ." तिने ते शेजारणीला सांगितलं आणि आठवड्यात ते चावीवाल्यापर्यंत पोचलं. माझ्या किश्श्याला आयता शेवट मिळाला. साठ घरं पाहिली, एक घेतलं नाही, आणि आता फोनला हवा देत बसतो! वर्षानुवर्षं मी तो तिथे संपवला. एकदाही खाली उतरून विचारलं नाही की बाबा, फोनच्या पलीकडे कोण आहे.

या पावसाळ्यानंतर तो दोन आठवडे दिसला नाही. मग निरोप आला. हृदयविकार, झोपेतच. दहाव्याला मी त्याच्या गावी गेलो.

विधी आटोपल्यावर त्याची पुतणी मला म्हणाली, "आत्या तुमाला बोलावते." घराच्या मागच्या बाजूला धान्याच्या कणग्यांमागे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. खाटेवर एक वाळलेली म्हातारी उताणी पडलेली, हात पोटावर. काशिनाथची थोरली बहीण, चांगुणा. आपल्याला एक बहीण आहे, असं तो कधीतरी म्हणाला होता. तेवढंच.

कर्जतच्या बाजारात चाळीस वर्षं तिने भाजी विकली. काशिनाथला त्यातून शिकवलं, नोकरीला लावलं. बारा वर्षांपूर्वी पाटी घेऊन टेंपोतून उतरताना पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ही खोली. वाईट कोणी वागवत नव्हतं. वेळेवर भात, वेळेवर कूस बदलणं. फक्त सगळी शेतावर गेली की संध्याकाळपर्यंत आवाज नाही.

"तुमी वैद्यसायेब," ती म्हणाली. "खाट तुमीच धरलेली ना? भावानं सांगितलं मला. म्हनला, बाय, सायेबांनी मागनं धरली, कुटं टेकली नाय. तू निसती पडून र्‍हायची, आमी वर न्हेतो."

मी खाटेशी बसलो.

"घर झालं आपलं, पन बिल्डर ताबा देत नाय. किती वर्षं झाली! भाऊ रोज जाऊन खाली बसायचा. म्हनायचा, तवर तू फोनवर ऐक, आपल्याच खिडकीखालचा बाजार हाय." तिने मान माझ्याकडे वळवली. "ती मेथीवाली सोनी अजून तशीच फटकळ हाय. चावीवाल्याला खोकला झालाय. त्याला सांगा, काडा घे." मग तिचा आवाज चढला. "मुडदा बशिवला त्या बिल्डरचा. ज्यानं आमचं घर अडवलं त्याला त्या घरात झोप लागायची नाय."

पुतणी म्हणाली, "आत्ये, गप गं. पाव्हनं हायत."

झोप मला लागते. काचा चांगल्या आहेत.

मी तिला खरं सांगितलं नाही. परतल्यावर मुलाला फोन करून घर चांगुणाबाईंना द्यायचं म्हटलं, ते त्याच्याच नावावर आहे. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बायको म्हणाली, "तेव्हा बोलायचं होतं." दोघांचंही बरोबर होतं.

पुतणीचा नंबर मात्र मी आणला होता. संध्याकाळी ती फोन आत्याच्या कानाशी ठेवते. पहिल्या दिवशी मी खिडकीपाशी गेलो. इतक्या वर्षांत न उघडल्याने ती घट्ट बसली होती, बायकोने आणि मी मिळून ती ओढली. फोन बाहेर धरला. पाच मिनिटांनी कानाला लावला तर चांगुणाबाई म्हणत होत्या, "सायेब, कुटनं धरलाय? वरनं का? निसता कालवा येतोय ओ. भावाच्या फोनात मानूस न् मानूस कळायचं."

जी खिडकी मी त्याच्याकडून हिसकावली, तिचा एवढाही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून रोज जिना उतरतो. वळणावर हात आपोआप वर जातो. बाकावर बसतो, नंबर लावतो आणि फोन धरतो. आधी सोनीकडे, मग चावीवाल्याकडे. काढ्याचा निरोप मी दिला. तो म्हणाला, "कोन चांगुणाबाय? भाजीवाली? जिवंत हाय?" आणि फोनजवळ येऊन मोठ्याने खोकून दाखवला. पलीकडे ती कितीतरी वेळ हसत होती.

वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले एक गृहस्थ परवा जिन्यात कोणाला तरी सांगत होते, पहिल्या मजल्यावरचे आजोबा टॉवर झालेत. मला पाहून गप्प झाले. मी म्हटलं, चालू द्या.

चांगुणाबाईंना वाचता येत नाही. पुतणीला येतं. हे छापून झालं की मी त्यांच्याकडे पाठवणार आहे. माझ्या तोंडून ते निघत नाही, काल पुन्हा पाहिलं. बाजार भरात होता, सोनी कुणाची तरी उतरवत होती आणि मध्येच फोनमधून हाक आली म्हणून मी तो कानाशी घेतला.

"सायेब, ताबा मिळाला का ओ?"

मी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. दिवा लागला होता. मग फोन पुन्हा हवेत धरला.